लेखनिकाचे सहा हजार कोणी द्यायचे?

*काका, नमस्कार. आमची संस्था बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात आहे. दसरा-दिवाळीला गावं रिकामी होतात, आईबाप कोयता घेऊन ऊस तोडायला साखर कारखान्यावर जातात. मागे राहिलेल्या साठ मुलांना आम्ही हंगामाचे सहा महिने ठेवून घेतो. जेवण, अभ्यास, झोपायला जागा. सात वर्षं मी कार्यवाह आहे. यंदा पुण्याच्या एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे नफ्यातून समाजकामासाठी द्यायच्या निधीतून, पैसे द्यायची तयारी दाखवलीय. पण त्यांच्या मॅडम म्हणाल्या, ‘आमचा पैसा मुलांवरच खर्च झाला पाहिजे. अ‍ॅडमिनला पाच टक्के, तसा नियमच आहे.’ भाडं, ऑडिट, लेखनिकाचा पगार, काहीच बसत नाही. लेखनिक मुलाला महिना सहा हजार देतो, त्याचेही तीन महिन्यांचे थकलेत. मी स्वतः दोन वर्षं मानधन घेतलेलं नाही, घर यांच्या पगारावर चालतं. विश्वस्तांच्या बैठकीत विषय काढला तर एक ज्येष्ठ सर म्हणाले, ‘सेवा म्हणायची आणि पगारही मागायचा, हे कसं?’ बाकीचे चौघे गप्प. कंपनीला हो म्हणू का? जास्त मागितलं आणि त्या दुसरीकडे गेल्या तर? आणि खरं सांगू का, मागायची लाज वाटते. मागच्या हंगामाच्या खर्चाचा कागद सोबत जोडलाय.*

*— एक कार्यवाह, बीड जिल्हा*

ताई,

पत्र वाचलं आणि आधी कॅल्क्युलेटर काढला. सत्तावीस वर्षं संस्थांच्या वह्या लिहिल्या, ती खोड जात नाही. तुमचा कागद समोर ठेवूनच बोलतो.

साठ मुलं, १८० दिवस, माणशी रोज ५५ रुपये. जेवणाचे झाले ५ लाख ९४ हजार. दोन शिक्षिका, महिना १२ हजारांप्रमाणे, १ लाख ४४ हजार. स्वयंपाकाच्या मावशी आणि त्यांची मदतनीस मिळून ९६ हजार. वह्या, दप्तरं, अंथरूण-पांघरूण, औषधं १ लाख २० हजार. बेरीज ९ लाख ५४ हजार. मॅडमना तुम्ही दाखवलेलं अंदाजपत्रक एवढंच आहे. त्यावर पाच टक्के म्हणजे ४७,७००. दहा लाखांच्या थोडा वर चेक येईल, फोटो निघेल, तुम्ही शाल-नारळ द्याल.

आता कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने जे लिहिलंय ते वाचतो. (पेन्सिलीने का लिहिलं, ताई?) जागेचं भाडं वर्षाचं ७२ हजार. लेखनिक ७२ हजार. ऑडिट, रिटर्न, धर्मादाय आयुक्त कार्यालयातली कामं मिळून ३० हजार. लाइट, फोन, नेट ३० हजार. वस्त्या-तांड्यांवर फिरायला पेट्रोल १८ हजार. तुमचं मानधन तुम्ही लिहिलेलंच नाही. मी १५ हजार महिना धरतो, म्हणजे १ लाख ८० हजार. एवढं काम करणाऱ्या माणसाला ही रक्कम फार आहे असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा. मागच्या बाजूची बेरीज ४ लाख २ हजार.

त्यातले ४७,७०० कंपनी देणार. उरलेले ३ लाख ५४ हजार ३०० कोण देतंय? तुमचे यजमान देतायत आणि तो लेखनिक देतोय. भाडं वेळेवर गेलं नसेल तर जागामालकही देतोय. कंपनीच्या अहवालात ‘आमच्या मदतीने साठ मुलं’ असं छापून येईल, तेव्हा या तिघांनी मिळून एकूण खर्चाचा चौथा हिस्सा उचलला होता हे कुठेच नसेल.

तर पहिलं काम: पेन्सिलीचं लिखाण पेनाने करा आणि पुढच्या बाजूला घ्या.

पाच टक्क्यांचं आधी मिटवू. मॅडम खोटं बोलत नाहीत, त्यांचा नियम वाचण्यात घोटाळा झालाय, आणि तो बऱ्याच कंपन्यांचा होतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा त्याहून जास्त, त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर घालायची. जानेवारी २०२१ मध्ये नियम सुधारले, त्यात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. पण ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर करायच्या खर्चाला आहे. मॅडमचा पगार, त्यांचं ऑफिस, त्यांची गाडी. तुमच्या लेखनिकाचा त्या ५ टक्क्यांशी संबंध नाही. एखादा प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यासाठी थेट होणारा खर्च तर त्या व्याख्येतून नियमानेच बाहेर ठेवलाय. हे भांडणाच्या सुरात सांगू नका. ‘मॅडम, आमच्या सीएंनी नियम वाचला, तुमच्या कंपनी सेक्रेटरींना एकदा विचारून घ्याल का?’ एवढं पुरतं. तुमचा मुद्दा मान्य करून त्यांना वर जायचंय, त्यांच्या हातात कागद द्या. तरीही त्या म्हणतील, ‘आमची अंतर्गत पॉलिसी आहे.’ मग ते कंपनीचं धोरण झालं. कायद्याशी वाद घालता येत नाही, धोरणाशी घालता येतो.

परदेशी देणगीची गोष्ट वेगळी आहे. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्याच्या २०२० च्या दुरुस्तीने तिथली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, आणि ती खरोखरच संस्थेवर आहे. लोक या दोन नियमांची खिचडी करतात. तुमच्याकडे परदेशी पैसा नाही, तेव्हा ते विसरा.

दुसरं काम अंदाजपत्रक नव्याने मांडायचं. मागच्या बाजूचं सगळंच ‘अ‍ॅडमिन’ नसतं. भाद्रपदापासून तुम्ही तांड्यांवर फिरता, कोणाची आजी आजारी आहे, कोणतं पोर यंदा आईबापाबरोबर फडात चाललंय याची यादी करता, मुकादमाला भेटून जोडपं कधी निघणार ते विचारता. हे ऑफिसचं काम आहे? त्याशिवाय एक मूल तुमच्याकडे यायचं नाही. तुमच्या वेळेचा दोन तृतीयांश भाग ‘समन्वयक’ म्हणून कार्यक्रमात घाला: १ लाख २० हजार. पेट्रोलचे १८ हजार तिथेच. मुलं त्या जागेत सहा महिने झोपतात, तेव्हा निम्मं भाडं, ३६ हजार, तेही कार्यक्रमाचंच. आता मुलांवरचा खर्च झाला ११ लाख २८ हजार आणि संस्था चालवण्याचा उरला २ लाख २८ हजार. एकूण १३ लाख ५६ हजार, त्यात साधारण १७ टक्के. ब्रिजस्पॅन नावाच्या सल्लागार संस्थेने २०२१ मध्ये भारतातल्या नावाजलेल्या संस्थांचे हिशेब तपासले होते, तेव्हा असा अप्रत्यक्ष खर्च ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत निघाला, मध्यक, म्हणजे बरोबर मधला आकडा, १९. तुम्ही त्याच्याही खाली आहात. हा आकडा जवळ ठेवा, बैठकीत उपयोगी पडतो.

पण इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मी सांगतोय ते आणि मी एकदा केलं होतं ते वरवर सारखं दिसतं. मी ज्या संस्थेत होतो तिला एका देणगीदाराने महिलांच्या प्रशिक्षणाला पैसे दिले, पगाराला एक रुपया नाही. जीपचा ड्रायव्हर होता, चार महिने पगार नव्हता, त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं. मी त्याचे पैसे ‘प्रशिक्षण साहित्य’ या खात्यात टाकले. बिलं जुळवली. तालुक्याच्या स्टेशनरीवाल्याने कोऱ्या पावत्या दिल्या, असे लोक सगळीकडे असतात. दीड वर्षाने देणगीदाराचा तपासनीस आला. शांत माणूस. त्याने विचारलं, ‘अडतीस बायकांना एकशे चाळीस फाइली कशाला लागल्या?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. संस्थेने पैसे परत केले, पुढचा टप्पा बुडाला, आणि ज्या बायांनी शिलाईची मशिनं मागितली होती त्यांना काहीच मिळालं नाही. ड्रायव्हरचा पगार खरा होता, काम खरं होतं, खोटी होती फक्त पावती. ती खोटी मी केली, कारण ‘आमच्याकडे ड्रायव्हर आहे आणि त्याला पगार लागतो’ हे एक वाक्य पैसे घेताना माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

म्हणून समन्वयकाचा खर्च कार्यक्रमात घालायचा तर वेळेची नोंद ठेवा. साधी वही. ‘सोमवार, तीन तांडे, सकाळी आठ ते दोन.’ रोज लिहा, महिनाअखेरीस एकदम बसून लिहू नका, शाई एकसारखी दिसते.

आता तुमची खरी भीती. त्या दुसरीकडे गेल्या तर?

जातील कदाचित. दहा लाखांत साठ मुलं ठेवतो म्हणणारी संस्था त्यांना शेजारच्या तालुक्यात मिळेलही, आणि तिची कार्यवाह तुमच्यासारखीच नवऱ्याच्या पगारावर असेल. पण जाण्याआधी त्यांच्यापुढे एक आकडा ठेवा. १३ लाख ५६ हजार भागिले साठ, म्हणजे एका मुलाचे २२,६००. ‘तुमच्या दहा लाखांत ४४ मुलं होतात, मॅडम. साठ हवी असतील तर साडेतेरा लाख लागतील.’ आजवर तुम्ही मुलांची संख्या पक्की धरून खर्च दाबत आलात. आता खर्च पक्का धरा आणि संख्या त्यांना ठरवू द्या. मी पैज लावत नाही, पण सोळा मुलं कमी झालेला अहवाल वरिष्ठांपुढे नेणं कोणालाच आवडत नाही. बहुतेक वेळा मधला आकडा निघतो. बारा लाखांवर आल्या तर ५३ मुलांचा करार करा आणि ५३ च लिहा. ‘असू दे, आम्ही भागवू’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ते भागवणं घरातून होतं.

हे फक्त करारापुरतं आहे, हे तुम्हाला सांगायला नको. करारातल्या आकड्याच्या वरच्या मुलांना कोणी दारातून परत पाठवणार नाही. पण त्यांचा खर्च त्या कंपनीच्या नावावर लागणार नाही, तो वेगळ्या वहीत जाईल आणि त्यासाठी पैसे वेगळे मागता येतील. हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहेच, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणारी. तुमच्यातली काही मुलं तिथे बसतात का ते जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात लेखी विचारा, तोंडी नको.

अजून एक बारकावा, जो पुण्यात बसून लक्षात येत नाही. त्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. तुमचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप थांबेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. करार डिसेंबरात होतो, पैसे जानेवारीअखेर येतात, आणि ‘मार्चच्या आत खर्च दाखवा’ असा फोन फेब्रुवारीत. तोवर तीन महिने किराणा उधारीवर. सीएसआरच्या नियमांत चालू प्रकल्प अशी सोय आहे, सुरू झाला ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालवता येतो. तो मागा. पहिला हप्ता सप्टेंबरात मागा. मला विचाराल तर पाच टक्क्यांवरून घासाघीस करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त, कारण किराणावाल्याची उधारी रोखीच्या भावाने मिळत नाही.

आता सरांकडे वळू. ‘सेवा म्हणायची आणि पगारही मागायचा?’ सर स्वतः काय करत होते? शिक्षक असतील तर महिन्याच्या महिन्याला पगार घेऊनच त्यांनी ज्ञानदान केलं, आता पेन्शन घेतात, आणि त्यात काही वावगं नाही. तुम्ही त्यांना असं बोलू नका, मी म्हातारा आहे म्हणून बोलतो.

आपल्याकडे त्यागाच्या गोष्टी फार गोड करून सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही गोष्ट मी निदान पन्नास वार्षिक संमेलनांत ऐकली असेल. प्रत्येक वेळी टाळ्या पडतात. लक्ष्मीबाईंवर ती पाळी का आली, त्या दिवशी गावातले बाकीचे सोनं बाळगून असलेले लोक कुठे होते, असं एकाही वक्त्याने विचारलेलं मला आठवत नाही. आणि त्याच कर्मवीरांनी घरोघरी मूठभर धान्याची योजनाही उभी केली होती, म्हणजे बोजा एका गळ्यातून काढून हजार घरांत वाटला. सरांना ती दुसरी गोष्ट सांगा. वाटल्यास त्यांच्या ओळखीची आणखी एक: डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा नटमंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग केले, गावोगाव फिरून पैसा जमवला. तो इमारतीला नव्हता. चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून होता. ‘कृतज्ञता’ हा शब्द त्यांनी विचार करून निवडला असणार. मानधन घेणारा उपकाराखाली नव्हता, देणारा होता.

मात्र एक तांत्रिक गोष्ट बघून घ्या. तुम्ही कार्यकारी मंडळावर आहात आणि मानधनही घेणार, तर संस्थेच्या घटनेत काय लिहिलंय ते काढा. बऱ्याच जुन्या घटनांत ‘पदाधिकारी मोबदला घेणार नाहीत’ असं कलम असतं, कोणीतरी दुसऱ्या संस्थेच्या घटनेवरून उतरवून घेतलेलं. तसं असेल तर दोनच रस्ते. घटना दुरुस्त करायची, किंवा तुम्ही मंडळावरून उतरून पगारी समन्वयक व्हायचं आणि कार्यवाहपद दुसऱ्याला द्यायचं. मला दुसरा बरा वाटतो. ते पद सरांना द्या. वार्षिक हिशेबावर सही करताना त्यांना बेरजा दिसतील.

गावातून, तालुक्यातून पैसे जमवायचं म्हणाल तर जमवा. खळ्यावर ज्वारी मिळते, ती मागायला लाजू नका. साठ मुलांच्या भाकरीतला बराच भार त्याने हलका होतो. पण ज्वारीने ऑडिटरची फी भागत नाही. शहरातल्या देणगीदारांना ऐंशी-जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती हवी असते. २,००० च्या वर रोख घेतली तर त्यांना सवलत मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ती तशीही नाही, म्हणून ‘कर वाचेल’ याच्या भरवशावर देणगी मागू नका. दरवर्षी गणपतीत ‘लोकसत्ता’ दहा संस्थांची ओळख ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून करून देतो, आणि कधी न भेटलेले वाचक चेक पाठवतात. असा पैसा आला की तो मोकळा असतो, त्यातून लेखनिकाचा पगार दिला तर कोणी विचारत नाही. तुमचं पत्रक तसंच लिहा. मुलांच्या फोटोखाली एक ओळ: ‘या मुलांचे हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा वर्षाचा पगार ७२ हजार रुपये. त्यातला एक महिना तुम्ही द्याल का?’ मी हे लिहून बघितलंय. लोक देतात. बारा माणसं लागतात.

एकट्याने मागू नका, एवढं मात्र सांगतो. तुमच्या पट्ट्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांचं काम करणाऱ्या आणखी चार-पाच संस्था असतील, त्या सगळ्या एकमेकींपेक्षा स्वस्त दर सांगून पुण्याचे फोन घेत असतील. दिवाळीआधी एकदा एकत्र बसा. चहा तुमचा. प्रत्येकीने खरा कागद आणायचा, मागच्या बाजूसकट. एका मुलाचा एकच दर ठरवा, आणि तो दर सगळ्यांच्या सहीने कंपन्यांना पाठवा, झेडपीला पाठवा, आमदारांना पाठवा. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारचे असं ठरलंय. त्यातलं तुमच्या तालुक्यातल्या मुलांच्या वाट्याला काय येतं, हा प्रश्न एका संस्थेने विचारला तर तक्रार होते, सहा जणींनी विचारला तर बैठक लागते.

लाजेबद्दल काय सांगू? माझी गेली नाही. अजूनही कोणासाठी पैसे मागताना आधी हवापाण्याचं बोलतो. फक्त कागद पुढे सरकवायला शिकलो, की तोंडाने कमी बोलावं लागतं.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी त्या लेखनिकाचे थकलेले १८ हजार या महिन्यात द्या. कंपनीच्या पैशाची वाट बघू नका, यजमानांकडून तर नकोच. तुमचे विश्वस्त पाच आहेत, प्रत्येकी ३,६०० होतात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय एक नंबरला घ्या, आणि पहिली पावती सरांच्या नावाने फाडा.